लंडनमध्ये गाडी कुठे लावायची, किती पैसे, दंड कसा टाळायचा? नीट समजावून सांगा

मांडवीकर (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये पाच आठवडे लंडनला लेकीकडे चाललोय, मी, बायको आणि आई. आई ७९ वर्षांची, गुडघे गेलेत तिचे, सपाटीला हळूहळू चालते पण जिना बघितला की पाय गळतात. मुलगी-जावई वेम्बलीजवळ राहतात. जावयाची २०१४ ची पेट्रोल गाडी आहे आणि तो मला इन्शुरन्समध्ये ॲड करून देणार आहे. ते दोघं दिवसभर ऑफिसात, त्यामुळे फिरवायचं काम माझ्याकडे.

चालवायची भीती नाही. तीस वर्षं आंबा घाट, कशेडी, पावसात रात्री सगळं केलंय आणि तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं आहे. भीती आहे ती गाडी लावायची. जावई म्हणतो बाबा तिथे गाडी उभी कुठे करायची हे कळलं की अर्धं लंडन कळलं, आणि फोनवर त्याने जे काय सांगितलं पिवळी रेघ, लाल रेघ, परमिट, कंजेशन चार्ज, युलेझ, त्यातलं मला निम्मंही झेपलं नाही. त्याला पुन्हा पुन्हा विचारायचं पण बरं वाटत नाही.

आईच्या मनात दोन ठिकाणं आहेत बाकी राजवाडा वगैरे तिला काही नको. एक म्हणजे लोकमान्य १९१८-१९ मध्ये चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी तिकडे गेले तेव्हा राहिले ते घर, १० हाउली प्लेस, मैडा व्हेल. आमचं घर टिळक आळीपासून दहा मिनिटांवर, लहानपणापासून त्यांचं जन्मघर बघत आली ती, त्यामुळे तिथल्या भिंतीवरची पाटी तिला बघायचीच आहे. आणि दुसरं बाबासाहेब १९२१-२२ ला राहिले ते १० किंग हेन्रीज रोडचं घर, जे आपल्या राज्य सरकारने २०१५ ला विकत घेतलं. आई मंडणगडला शाळेत शिक्षिका होती, आंबडवे गावची मुलं तिच्या वर्गात असायची, तेव्हापासून तिच्या मनात आहे.

तर या दोन घरांपाशी गाडी लावता येईल का, किती पैसे पडतील, कुठल्या रेघेला काय अर्थ, आणि चुकलं तर काय होतं हे कोणीतरी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगा प्लीज.

---

देवगडकर_हॅरो

काका, नमस्कार. मी मूळची देवगडची, अकरा वर्षं हॅरोला आहे म्हणजे तुमच्या लेकीच्या शेजारच्याच बरोत (बरो म्हणजे लंडनचा एक विभाग). मोठं लिहिणार आहे, सावकाश वाचा.

सगळ्यात आधी दोन गोष्टी वेगळ्या करा कारण सगळे इथेच गोंधळतात. शहरात गाडी चालवायचे पैसे वेगळे आणि गाडी लावायचे पैसे वेगळे. एक भरलं म्हणजे दुसरं भरलं असं नाही.

चालवायच्या पैशात दोन प्रकार. कंजेशन चार्ज फक्त अगदी मधल्या लंडनला आहे. २००३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा दिवसाला ५ पौंड होता, २ जानेवारी २०२६ पासून १८ पौंड आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला (तिथली सार्वजनिक सुट्टी) दुपारी १२ ते ६. दुसरा युलेझ, हा प्रदूषणाचा, ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना लागू आणि चोवीस तास, फक्त ख्रिसमसच्या दिवशी नाही. गाडी नियमात बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. पण पेट्रोलला युरो ४ (गाडीच्या धुराचं युरोपियन मानक) असलं की झालं, साधारण २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या बसतात त्यात, त्यामुळे २०१४ च्या गाडीला बहुतेक काहीच नाही. तरी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर नंबर टाकून जावयांना एकदा चेक करायला सांगा, एक मिनिटाचं काम आहे.

आणि आता तुमच्यासाठी चांगली बातमी, तुमच्या आईची दोन्ही घरं कंजेशन झोनच्या बाहेर आहेत! झोनची उत्तरेकडची हद्द म्हणजे मेरिलबोन रोड आणि युस्टन रोड. मैडा व्हेल आणि प्रिमरोझ हिल (किंग हेन्रीज रोडचा भाग) दोन्ही त्याच्या वर उत्तरेला, आणि तुम्ही वेम्बलीहून म्हणजे उत्तर-पश्चिमेकडूनच येणार. फक्त नॅव्हिगेशनमध्ये कंजेशन झोन टाळा हा पर्याय चालू करून ठेवा. हद्दीवर रस्त्यात पांढरा सी लिहिलेली लाल गोल खूण असते, नाका नाही, माणूस नाही, नुसता कॅमेरा नंबर टिपतो, म्हणून आत गेलो हे कळतही नाही. चुकून गेलातच तर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरता येतात, थोडे जास्त पडतात. नाही भरले तर १८० पौंडांचा दंड, १४ दिवसांत भरला तर ९०. त्यापेक्षा जावयांना ऑटो पे करून ठेवायला सांगा म्हणजे तुम्हाला आठवण ठेवायला नको.

आता रेघा.

कडेला दोन पिवळ्या रेघा म्हणजे कधीच गाडी लावायची नाही, रात्री नाही, रविवारी नाही. एक पिवळी रेघ म्हणजे ठरावीक वेळेत लावायची नाही, त्या वेळेबाहेर चालतं. लाल रेघा म्हणजे थांबायचंसुद्धा नाही, माणूस उतरवायलाही नाही, हे मोठे रस्ते असतात. आणि झेब्रा क्रॉसिंगपाशी पांढऱ्या नागमोडी रेघा असतात, शाळेपाशी पिवळ्या, तिथेही अजिबात नाही.

तुमच्या आईसाठी मुद्दाम सांगते, पिवळ्या रेघेवर, अगदी दोन असल्या तरी, माणूस उतरवायला किंवा चढवायला थांबता येतं. म्हणजे आजींना दारात उतरवा, काकू त्यांच्याबरोबर थांबतील, तुम्ही पुढे जाऊन गाडी लावून या. पण फोन बघत बसायचं नाही, उतरवलं की निघायचं. लाल रेघेवर ही सवलत नाही.

मग पांढऱ्या तुटक रेघांनी आखलेल्या जागा असतात, त्यांना बे म्हणतात. बे दिसला म्हणजे जागा मिळाली असं नव्हे!! प्रत्येक बेपाशी खांबावर छोटी पाटी असते आणि जे काय आहे ते त्या पाटीवर आहे. परमिट होल्डर्स ओन्ली असेल तर ती तिथल्या रहिवाशांची, तुम्ही पैसे देऊनही लावू शकत नाही. पे बाय फोन किंवा पे ॲट मशीन असेल तर तुमची. काही ठिकाणी दोन्ही लिहिलेलं असतं म्हणजे रहिवासी परमिटवर आणि बाकीचे पैसे देऊन. खाली वेळ असते, आणि जास्तीत जास्त किती तास थांबता येईल ते.

दर एकच नाही, लंडनमध्ये ३२ बरो आणि वर सिटी ऑफ लंडन, प्रत्येकाचं काउन्सिल (म्हणजे नगरपालिका) आपापले दर लावतं आणि एकाच बरोत रस्त्यागणिक बदलतात. बऱ्याच काउन्सिलांत गाडी किती धूर सोडते त्यावर दर असतो, डिझेलला जास्त. म्हणून मी आकडा लिहीत नाही, मागच्या वर्षी कोणाला किती पडले ते ऐकून जाऊ नका, ॲपमध्ये जागेचा कोड टाकला की पैसे भरायच्या आधीच रक्कम दिसते. हाउली प्लेस वेस्टमिन्स्टर काउन्सिलमध्ये आहे आणि किंग हेन्रीज रोड कॅम्डेनमध्ये, म्हणजे एका दिवसात दोन काउन्सिलं, दोन वेगळे दर, कदाचित दोन वेगळी ॲप.

---

दाभोळ_खाडी

देवगडकर ताईंनी छान लिहिलंय. एका गोष्टीत मी पोळलोय ती सांगतो म्हणजे काका त्यातून वाचतील.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे गेलो होतो, पूर्व लंडनला. संध्याकाळी सव्वासहा वाजले होते, एक पिवळी रेघ होती, मी खाली उतरून रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, एकाही खांबावर पाटी नाही. मला वाटलं पाटी नाही म्हणजे ऑफिसची वेळ संपली की मोकळं असणार, सहा तर वाजून गेलेत. पस्तीस मिनिटांनी आलो तर काचेवर पिवळं पाकीट.

झालं काय होतं, की त्या अख्ख्या भागाला कंट्रोल्ड पार्किंग झोन म्हणतात. झोनमध्ये शिरताना पहिल्या वळणावर दोन्ही बाजूला मोठी पाटी असते, तिच्यावर वेळ लिहिलेली, आणि मग आतल्या सगळ्या एकेरी पिवळ्या रेघांना तीच वेळ लागू. आत प्रत्येक रस्त्यावर पुन्हा पाटी लावायची गरजच नाही त्यांना. तिथे वेळ रात्री साडेआठपर्यंत होती आणि मी वळताना पोरं-टोरं, सायकली, बस बघत होतो, पाटी कुठली बघतोय. १६० पौंडांची नोटीस, १४ दिवसांच्या आत भरली म्हणून ८०. आपले नऊ हजारांच्या आसपास गेले. मुलगा एका शब्दाने बोलला नाही त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून काका, बाजूला बसणाऱ्या माणसाला एक काम द्या, झोनची पाटी दिसली की वेळ मोठ्याने वाचायची. मी नंतर बायकोला हेच काम दिलं आणि पुढचे अठरा दिवस एक नोटीस नाही आली. शेजारच्या रस्त्यावर झोन बदलला तर वेळही बदलते हे पण ध्यानात ठेवा.

मी बोटीवर होतो तीसेक वर्षं. लंडनला पहिलं पार्किंग मीटर १० जुलै १९५८ ला ग्रोव्हनर स्क्वेअरला बसलं, तासाला सहा पेन्स, हे मला तिथल्याच बंदरात बोटी आणणाऱ्या एका म्हाताऱ्या पायलटने सांगितलं होतं. आता बहुतेक ठिकाणी नाणी टाकायचं यंत्रच राहिलं नाहीये, फोन नसेल तर माणूस अडकतो. तेव्हा तिकडचं सिमकार्ड आणि चार्जर गाडीतच ठेवा.

---

मालवणी_झील

काकानू, माझो भाव थय साउथहॉलाक रवता, मी म्हयनोभर त्याच्याकडे होतंय. त्यान माका पयल्याच दिवशी सांगल्यान, गाडी फूटपाथार चढवू नको.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. आपल्याकडे गल्ली अरुंद असली की आपण दोन चाकं वर घेतो, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की मालवणात सगळे तेच करतात आणि त्यामागे दुसऱ्याला वाट मिळावी हाच विचार असतो. लंडनमध्ये १९७४ च्या कायद्याने हे बंद आहे, एक चाक वर असलं तरी नोटीस. काही गल्ल्यांत अर्धा बे फूटपाथवर आखलेला असतो आणि तशी पाटी असते, फक्त तिथेच चालतं. तसंच कोणाच्या घरासमोर फूटपाथ उतरता केलेला असेल, गाडी आत घ्यायला किंवा व्हीलचेअर उतरायला, तर त्याच्या समोर रेघ नसली तरी लावायची नाही.

अजून एक, रात्री गाडीचं तोंड वाहतुकीच्या उलट दिशेला करून लावायची नाही, आखलेल्या जागेत असेल तर चालतं. भावाने सांगितलं नसतं तर मला हे कधीच कळलं नसतं.

---

मांडवीकर (रत्नागिरी)

देवा, किती नीट सांगितलंत सगळ्यांनी. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते या देवगडच्या मुलीला माझा आशीर्वाद कळव. ताई, पोचवला.

अजून विचारतो, राग मानू नका. लेकीच्या घरासमोर गाडी रोज लावायची ती परमिटवर, पण माझे मेहुणे बर्मिंगहॅमहून दोन दिवस येणार आहेत त्यांच्या गाडीचं काय? वेळ संपली आणि आई हळू चालते म्हणून पाच मिनिटं उशीर झाला तर? आणि रविवारी सगळं फुकट असतं असं एकाने सांगितलं ते खरं का?

---

देवगडकर_हॅरो

काका, आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठीच एवढं लिहितेय.

मेहुण्यांचं सोपं आहे. लेकीचा रस्ता झोनमध्ये असेल तर ती काउन्सिलच्या साइटवरून व्हिजिटर परमिट काढू शकते, पाहुण्यांच्या गाडीचा नंबर आणि दिवस टाकायचा. पण वेम्बली आहे म्हणून जपून! स्टेडियमवर मॅच किंवा कॉन्सर्ट असेल त्या दिवशी आजूबाजूच्या रस्त्यांना इव्हेंट डे चे नियम लागतात, रोज संध्याकाळी मोकळा असणारा रस्ता त्या दिवशी रात्री १२ पर्यंत फक्त परमिटवाल्यांसाठी. जून-जुलैमध्ये तिथे कॉन्सर्ट भरपूर असतात. मुख्य रस्त्यांवर पुढची तारीख लिहिलेल्या पाट्या असतात, स्टेडियमच्या साइटवर कॅलेंडर असतं, मेहुणे येणार ते दिवस आजच बघून ठेवा.

उशिराचं, काउन्सिलच्या जागेत पैसे भरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटं सवलत असते. ही कायद्याने आहे. पण ती रीतसर लावलेल्या बेला, पिवळ्या रेघेला नाही, परमिटच्या जागेला नाही. दहा मिनिटांवर विसंबण्यापेक्षा ॲपमधून वेळ वाढवा, वेळ संपत आली की मेसेज येतो, आजी बाकावर बसलेल्या असताना तिथूनच वाढवता येते. मात्र पाटीवर जास्तीत जास्त २ तास असेल तर २ च्या पुढे वाढत नाही, आणि नो रिटर्न लिहिलं असेल तर तेवढा वेळ त्याच जागी परत आणून लावायची नाही.

रविवारचं, बऱ्याच निवासी भागात रविवारी मोकळं असतं हे खरं आहे पण सगळीकडे नाही, बाजाराच्या भागात, मैदानांजवळ रविवारी पण चालू असतं. बँक हॉलिडेचंही तसंच. पाटीवर सोमवार-शनिवार लिहिलं असेल तर रविवार मोकळा, वार लिहिलाच नसेल तर सगळे दिवस. दोन पिवळ्या रेघांना रविवार नाही हे लिहिलंच वर.

आणि एक राहिलं. सस्पेंडेड म्हणून पिवळी पाटी बेच्या खांबाला बांधलेली दिसली तर त्या तारखांना ती जागा बंद. कोणी घर बदलतंय, रस्ता खोदायचाय, अशा कारणाने. मागे माझ्या मैत्रिणीने पैसे भरले, पावती आहे, तरी गाडी उचलून नेली होती कारण दोन दिवसांपूर्वीच पाटी लागलेली. पैसे भरायच्या आधी खांबाकडे पूर्ण वरपासून खालपर्यंत बघायचं.

---

चिपळूण_वाशिष्ठी

दुकानाचं पार्किंग कोणी लिहिलं नाही अजून.

सुपरमार्केट, हॉटेल, हॉस्पिटल यांच्या आवारातली जागा काउन्सिलची नसते, खासगी कंपनी बघते. आत शिरताना कॅमेरा नंबर टिपतो, बाहेर पडताना पुन्हा टिपतो, मधला वेळ मोजला जातो. फुकट ९० मिनिटं असं लिहिलेलं असतं, आपण फुकट एवढंच वाचतो. माझे वडील बहिणीकडे गेले होते, सामान घेताना त्यांना चक्कर आली, बसवलं, पाणी दिलं, या सगळ्यात वेळ गेला आणि आठ दिवसांनी घरी पत्र. बहीण पावती घेऊन दुकानाच्या मॅनेजरकडे गेली, काय झालं ते सांगितलं, त्याने रद्द करून दिलं. म्हणून दुकानाची पावती टाकायची नाही, हे पहिलं.

दुसरं, त्या पत्रावर पार्किंग चार्ज नोटीस लिहिलेलं असतं आणि काउन्सिलच्या पाकिटावर पेनल्टी चार्ज नोटीस. दोघांचं छोटं नाव पीसीएनच. पण खासगीवालं म्हणजे सरकारी दंड नव्हे, ते करार मोडल्याची मागणी करतात, १०० पौंडांच्या वर मागायची नाही अशी त्यांच्या व्यवसायाची संहिता आहे. फेकून द्यायचं असा मात्र अर्थ नाही, कोर्टात जाऊ शकतात. काउन्सिलची नोटीस चुकीची वाटली तर आधी काउन्सिलला फोटोसकट लिहायचं, नाही ऐकलं तर लंडन ट्रायब्युनल्सकडे अपील करता येतं, त्याला फी नाही. काहीच न करता गप्प बसलं की रक्कम निम्म्याने वाढते, ते सगळ्यात वाईट. आणि गाडी लावली की पाटीचा एक फोटो, रेघेचा एक फोटो काढून ठेवायचा, बहिणीचं घरातल्या सगळ्यांना सांगणं आहे.

तिसरं, पार्किंगच्या यंत्रावर कोणी खोटे क्यूआर चिकटवतात आणि पैसे भलतीकडे जातात, काउन्सिलांनी स्वतः सावध केलंय लोकांना. स्कॅन करू नका. ॲप घरूनच जावयांच्या मदतीने स्टोअरमधून डाउनलोड करून न्या, रिंगो, पे बाय फोन ही नेहमीची, गाडीचा नंबर आणि कार्ड आधीच टाकून ठेवा. नंबर टाकताना ओ आणि शून्य बघून टाका.

---

दाभोळ_खाडी

एक राहिलं काका, विमानतळ. परतताना जावई सोडायला येतील, हीथ्रोला टर्मिनलच्या दारात सोडायलाही २०२१ च्या नोव्हेंबरपासून पैसे पडतात, तेव्हा ५ पौंड होते, नंतर वाढलेत. तिथे घ्यायला माणूस नाही, यंत्र नाही, ऑनलाइन दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आत भरायचे. बॅगा, रडारड, यात माणूस विसरतो. आणि तुम्हाला घ्यायला येतील ते त्या दारात नाही, शॉर्ट स्टे कार पार्कला.

मधल्या लंडनला मात्र गाडी नेऊच नका. वेम्बली पार्क स्टेशनवर लिफ्ट आहे, ज्युबिली लाइनने वेस्टमिन्स्टरला उतरलात की तिथेही लिफ्ट आहे, आईंना एक पायरी चढायला नको. लंडनच्या सगळ्या बसला रॅम्प असतो. पण तुमच्या त्या दोन घरांसाठी गाडीच बरी, वॉरिक ॲव्हेन्यू आणि चॉक फार्म ही तिथली जवळची स्टेशनं, दोन्हीकडे लिफ्टने थेट रस्त्यावर येता येत नाही. ग्रिनिचला जाणार असाल तर ब्लॅकवॉल बोगद्याला ७ एप्रिल २०२५ पासून पैसे लागलेत, गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेला ४ पौंड, एरवी दीड, रात्री १० ते सकाळी ६ फुकट. आधी सव्वाशे वर्षं फुकट होता तो. ज्युबिलीने नॉर्थ ग्रिनिचला जा.

---

मांडवीकर (रत्नागिरी)

अपडेट देतोय, काल रात्री रत्नागिरीला पोचलो. पाऊस धो धो. आधी तुम्हाला लिहायला बसलोय.

पाच आठवड्यांत एकही नोटीस नाही. मधल्या लंडनला गाडी नेली नाही, लिफ्टचं सगळं अगदी सांगितलं तसंच निघालं.

हाउली प्लेसला मंगळवारी सकाळी गेलो. बायको पाट्या वाचायच्या ड्युटीवर, झोनची वेळ तिने दोनदा वाचली. दारासमोर रहिवाशांचा बे होता म्हणून आईला आणि बायकोला तिथे उतरवलं आणि मी पुढे गेलो. पहिल्या पे बाय फोनच्या जागेवर सस्पेंडेडची पाटी! ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी खुशाल पैसे भरून लावली असती, कारण तीन गाड्यांची जागा मोकळी दिसत होती आणि ती मोकळी का आहे हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. पुढच्या रस्त्यावर मिळाली, एक तास भरला, पाटीचा फोटो, रेघेचा फोटो.

परत आलो तर आई फाटकाच्या बाहेर काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. भिंतीवर निळी गोल पाटी, लोकमान्यांचं नाव आणि १९१८-१९१९. ती काही बोलली नाही. पिशवीतून एक पुडी काढली, टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मघराच्या अंगणातली मूठभर माती तिने रत्नागिरीहून आणली होती, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. फाटकाच्या कडेला झाडाच्या बुंध्याशी ठेवली. तेवढ्यात माझ्या फोनवर वेळ संपत आल्याचा मेसेज. मी तिथूनच अर्धा तास वाढवला आणि तिला म्हटलं आई, सावकाश, घाई नाहीये.

दुसऱ्या घरी गुरुवारी जाऊन आलो, निघायच्या आदल्या दिवशी. कॅम्डेनचं ॲप वेगळं होतं, तेही जावयाने आधीच टाकून दिलं होतं. तिथे आई आत बसून होती तासभर, पुस्तकांच्या कपाटासमोर.

देवगडकर ताई, ऑक्टोबरमध्ये तुम्ही गावाला येताय असं तुम्ही मेसेजमध्ये म्हणाला होतात. येताना रत्नागिरीवरूनच याल, आमच्याकडे जेवून पुढे जा. घरासमोर खळ्यात दोन गाड्या आरामात राहतात.

---

देवगडकर_हॅरो

काका, वाचून डोळे भरले. आजींना म्हणावं नक्की येते. त्यांच्याकडून मंडणगडच्या शाळेच्या गोष्टी ऐकायच्या आहेत मला.